ठोंबऱ्यांचा पांढरा

मोरेश्वरअण्णा ठोंबऱ्यांनी भर मांडवात कूलरला हार घातला आणि त्या दिवसापासून पेणमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणायचा, अण्णांना दिसत नाही. दुसरा म्हणायचा, अण्णांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

घडलं ते असं. २०४३ सालचा मे महिना. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या संघाचा वार्षिक समारंभ. अण्णा सगळ्यांत ज्येष्ठ, वय बहात्तर, म्हणून पाहुण्यांना हार घालायचा मान त्यांचा. समोरून दोन झगझगीत दिवे तोंडावर. त्या उजेडात अण्णांना सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. पाहुणे आमदार पांढऱ्या कपड्यांत उभे होते. शेजारी कूलर होता, तोही पांढरा आणि जवळपास तेवढाच उंच. अण्णा ताठ मानेनं चालत गेले, कूलरला हार घातला, हात जोडले आणि म्हणाले, "आपण आलात, फार बरं वाटलं." कूलरनं गार झुळूक सोडली. आमदार दोन फुटांवर मान वाकवून तसेच उभे.

मांडवातले लोक उठून बघू लागले. अण्णांच्या बोटांना जाळी लागली तेव्हा त्यांना कळलं. पण ठोंबरे माणूस चुकलो म्हणत नाही. त्यांनी माइक ओढला. "दोन तास झाले, इथं कुणाला घाम आला? नाही ना? कुणामुळं? ज्यानं काम केलं, हार त्याचा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमदारांनीही वाजवल्या, करणार काय! दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'श्रमाचा आगळा सत्कार'.

परतताना रिक्षात सून वृषाली म्हणाली, "अण्णा, आता खरं सांगा."

"काय खरं?"

"तुम्हाला तो माणूस वाटला."

अण्णा बाहेर बघत म्हणाले, "काही बोलत नव्हता. म्हटलं, असेल कोणी मोठा."

*

ठोंबऱ्यांच्या कारखान्यात आता बरंच काम यंत्रं करायची. शाडूची मूर्ती यंत्रानं दाबून निघायची. अंगाचा रंग, पितांबर, मुकुट हे सगळं फवारणारा हात करायचा, तोही यंत्राचाच. डोळे मात्र माणूस काढायचा. त्याला आखणी म्हणतात. दोन केसांचा कुंचला घ्यायचा, श्वास धरायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. रेघ चुकली तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर झोपलेला. अण्णा पंचावन्न वर्षं आखणी करत होते आणि त्यांचा एकही गणपती आजवर झोपला नव्हता.

रेघेपेक्षाही अण्णांचा जास्त जीव होता तो डोळ्यांतल्या पांढऱ्यावर. बाजारात तयार मिळतो तो पांढरा मेलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. ते त्यात नीळ घालायचे. कपडे धुवायची साधी नीळ. उदबत्तीच्या काडीचं टोक निळीत बुडवायचं आणि वाटीत फिरवायचं. बायको होती तोवर ही वाटी रोज तिच्यापुढं जायची. सुमतीबाईंच्या हातचं धोतर वाळत पडलं की रस्त्यानं जाणारे डोळ्यांवर हात धरायचे. त्या वाटीत बघायच्या आणि म्हणायच्या, "बास." मग काडी थांबायची. त्या गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा पडदा ओढून एकटेच वाटी कालवत. कुणी बघितलेलं चालायचं नाही.

आणि इथंच घोळ होता. वाटीतला पांढरा दरवर्षी निळा होत चालला होता.

वृषालीला हे सहा वर्षांपूर्वीच दिसलं. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर, म्हणून कारखान्याचा कारभार तिच्याकडे. तिनं साचेवाल्या यशवंत कडूला गाठलं. यशवंता तिथला सगळ्यांत जुना माणूस.

"काका, अण्णांचा पांढरा निळा दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग सांगा ना त्यांना."

"मी?" यशवंतानं मातीचे हात वर केले. "चौतीस वर्षं झाली मला इथं. आजवर त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. आता सवय मोडू?"

शिवाय मूर्ती खपत होत्या. नुसत्या खपत नव्हत्या, पुण्याचे व्यापारी लोणकरशेठ दरवर्षी जास्त मागत होते. मग वृषालीनं डोकं चालवलं. निळा डोळा ही अण्णांची खास शैली आहे, असं तिनं स्वतःला पटवलं आणि मग जगाला. 'ठोंबरे नीलदृष्टी' असं नाव रीतसर नोंदवलं. पत्रक काढलं. अण्णांनी ते कधी वाचलं नाही, कारण अक्षर बारीक होतं, आणि बारीक अक्षर दिसत नाही असं कबूल करण्यापेक्षा ते म्हणायचे, "जाहिराती मी वाचत नाही."

एकदा मुलाखत घ्यायला मुंबईहून एक बाई आल्या. म्हणाल्या, "अण्णा, ही दृष्टी तुम्हाला कशी लाभली?"

अण्णा म्हणाले, "नजर स्वच्छ लागते. बाकी काही नाही."

ते पांढऱ्याबद्दल बोलत होते, बाई निळ्याबद्दल. दोघंही खूश झाले.

अण्णांचे सदरेही एव्हाना निळे झाले होते. सुमतीबाईंनंतर ते स्वतःच नीळ द्यायचे. बाजारात दोन बायकांनी त्यांना थांबवून विचारलं होतं, गॅसचा सिलिंडर कधी येणार म्हणून. अण्णांना वाटलं, लोकांचा आपल्यावर फारच विश्वास आहे.

*

कूलरच्या प्रकरणानंतर आठवड्यानं सरकारी नेत्रवाहन कारखान्यासमोर उभं राहिलं. जिल्हा मोतीबिंदूमुक्त करायची मोहीम होती. 'नितळ' नावाचे थेंब दोन वर्षांपूर्वी आले होते. वाहनातून उतरल्या डॉक्टर रुबिना मुकादम, चाळिशीच्या, रोह्याच्या. हातात जेवणाच्या डब्याएवढं यंत्र.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," अण्णा म्हणाले.

"कूलरनं वेगळं सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या.

अण्णांना बाई आवडली. पण घाबरलेही. ज्याचं नाव डोळ्यांवर चालतं, त्याचेच डोळे गेले असं बाजारात फुटलं, तर उद्या कुंचला हातातून जाणार. पंचावन्न वर्षांचं नाव एका चिठ्ठीवर संपणार. त्यांनी शेवटचा बचाव केला.

"समजा असेल मोतीबिंदू. पिकू दे की. पिकला की बघू."

"तो काय आंबा आहे आढीत घालायला? पिकेपर्यंत थांबायचे दिवस तुमच्या आजोबांबरोबर गेले. जास्त पिकला तर उलट त्रास. बसा."

त्यांनी यंत्र डोळ्याला लावलं. त्याचं नाव भिंगमापी. अण्णांना आत एक हिरवा ठिपका दिसला आणि विझला.

"हे बघा अण्णा," डॉक्टर यंत्राला जोडलेल्या पाटीवर चित्र दाखवत म्हणाल्या. "बुबुळाच्या मागं एक भिंग असतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर चढलेला पडदा नाही, हे भिंगच गढूळ होतं. तुम्ही मूर्तीला वार्निश मारता ना? नवीन असताना काचेसारखं. दहा वर्षांनी?"

"माझं वार्निश पिवळं पडत नाही."

"देवानं तुमच्याकडून घेतलं नव्हतं ना, म्हणून पडलं. भिंगात प्रथिनं असतात, अगदी शिस्तीत रांगेत, म्हणून आरपार दिसतं. वय झालं, ऊन लागलं, विडी ओढली, साखर वाढली, डोळ्याला मार बसला, नाहीतर दुकानातून आपल्या मनानं स्टेरॉइडचे थेंब आणून घातले, की त्या रांगा मोडतात, गोळे होतात. उजेड विखुरतो. म्हणून दिव्यासमोर दिपतं. आणि पिवळ्या पडलेल्या भिंगात सगळ्यांत आधी निळा रंग अडतो."

हे शेवटचं वाक्य वृषालीनं ऐकलं आणि तिच्या हातातली यादी खाली पडली. तिनं ती उचलली.

"आणि मला कळलं कसं नाही?" अण्णांनी विचारलं.

"रोज केसाएवढं बदलतं. मेंदू म्हणतो, चालायचंच. थेंबांत एक रेणू आहे, तो त्या गोळ्यांत शिरतो आणि त्यांना सोडवतो. वाळलेली शाडू भिजत घातली की परत मऊ होते, तसं."

"आणि भाजलेली माती?"

डॉक्टर हसल्या. "ती नाही होत. तसा कडक मोतीबिंदू असेल तर आजही शस्त्रक्रियाच, पंधरा-वीस मिनिटांची. तुमचा अजून भिजतोय. उजवा डोळा आधी, सहा आठवडे. मग डावा. आणि उन्हात टोपी, काळा चष्मा. विडी?"

"सोडली."

"कधी?"

"तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा."

*

सहा आठवड्यांत तालुकाभर नितळ झालं आणि घराघरांत भानगडी सुरू झाल्या. निवृत्त हेडमास्तरांना कळलं की आपण भिंतीला 'मोतिया' म्हणून जो रंग दिला तो जांभळा आहे आणि घरातलं एक माणूस बोललं नाही. एका आजीनं पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याकडे बघून विचारलं, "अहो, तुमच्या नाकावर हा तीळ कधीपासून?" आजोबा म्हणाले, "तुझं लग्न झालं तेव्हापासून." मंगल कार्यालयात जुने अल्बम बघून दोन म्हाताऱ्यांनी 'तूच जास्त पिकलास' म्हणून भांडण काढलं. केस रंगवणाऱ्यांचा धंदा तिप्पट झाला.

अण्णांना मात्र मजा येत होती. रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्यानं बघायचे. एक दिवस आंब्याची पानं मोजली. एक दिवस यशवंताला म्हणाले, "तू म्हातारा झालास रे." यशवंता म्हणाला, "तुम्ही सांगितलंत, बरं झालं."

मग एका दुपारी ते फळीसमोर थांबले.

कारखान्यात त्यांचा एक रिवाज होता. दर सीझनची शेवटची, वीतभर उंचीची मूर्ती विकायची नाही. फळीवर ठेवायची. सुमतीबाई गेल्या त्या वर्षीपासूनच्या अकरा मूर्ती तिथं ओळीनं बसल्या होत्या. अण्णांनी डावा डोळा झाकला आणि उजव्या, धुतलेल्या डोळ्यानं पहिल्या मूर्तीकडे बघितलं. डोळे पांढरे. दुसरीचे जरा गार. पाचवीचे आभाळासारखे. आठवीचे शाईसारखे. अकराव्या मूर्तीचे डोळे बघून त्यांचा हात भिंतीवर गेला.

"वृषाली."

ती धावत आली. त्यांच्या आवाजावरून तिला कळलंच होतं.

"हे काय आहे?"

"अण्णा..."

"तुला दिसत होतं?"

तिनं मान डोलावली.

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार, अण्णा?" तिचा आवाजही चढला. "पडद्याच्या आत डोकावलं तरी तुम्ही कुंचला फेकून मारायचात. आणि लोकांना आवडत होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. मी नाव नोंदवलंय त्याचं. नीलदृष्टी. सगळीकडे तेच छापलंय."

"नीलदृष्टी!" अण्णा खुर्चीत बसले. "हजारो घरांत बसवले मी असले डोळे. लोक आरती करत होते आणि देव निळा पडलेला."

 मग वृषाली हळू आवाजात म्हणाली, आणि म्हणताना तिचीच तिला लाज वाटली, "अण्णा, लोणकरशेठची ऑर्डर आहे चारशे मूर्तींची. नेहमीसारख्याच हव्यात म्हणालेत. डाव्या डोळ्याचे थेंब उद्यापासून सुरू होणार. ते जरा गणपतीनंतर केले तर? डाव्या डोळ्यानं रंग कालवायचा, उजव्यानं रेघ ओढायची."

अण्णांनी मान वर केली. "म्हणजे मोतीबिंदू जपून ठेवू?"

"फक्त चतुर्थीपर्यंत."

"विमा पण उतरव की त्याचा." ते उठले. कमरेचा रंगानं कडक झालेला फडका सोडला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. त्यावर दोन केसांचा कुंचला ठेवला. "यंत्राला सांग डोळे काढायला. यंत्राला निदान दिसतं. मी उद्यापासून येणार नाही."

यशवंता साच्यामागून सगळं ऐकत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं अण्णांना काही सांगितलं. "अण्णा, नका जाऊ." पण इतकं हळू, की ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

*

तीन दिवस कुंचला टेबलावर तसाच. तीन दिवस अण्णा अंगणात टोपी घालून बसलेले, थेंब डाव्या डोळ्यात वेळेवर घालून. तेवढा शब्द त्यांनी डॉक्टरना दिला होता आणि पाळला. पण कुणाशी बोलेनात. घरातले सगळे निळे सदरे त्यांनी पुसायच्या फडक्यांत टाकून दिले.

चौथ्या दिवशी वृषाली स्वतः जाऊन डॉक्टर मुकादमांना घेऊन आली. डॉक्टरांनी फळीवरच्या अकरा मूर्ती बघितल्या. भिंगमापी काढलं, प्रत्येक मूर्तीच्या डोळ्याला लावलं, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "अण्णांना बोलवा. आणि तुम्ही सगळेच या."

अण्णा आले, पण दारातच उभे राहिले.

"अण्णा, एक गोष्ट मी तुम्हाला त्या दिवशी सांगितली नव्हती. भिंग जन्मभर वाढतं. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात ना, तसे त्यात थर चढत जातात. तुमच्या उजव्या डोळ्याचे थर मी थेंबांच्या आधी मोजून ठेवले होते. कोणत्या वर्षी ते किती पिवळं होतं, ते या यंत्राला काढता येतं. म्हणजे त्या वर्षी तुम्हाला जग कसं दिसत होतं, ते मला इथं दाखवता येतं."

त्यांनी यंत्राची ती पाटी अकराव्या मूर्तीसमोर धरली. पाटीवर मूर्ती दिसत होती, निळे डोळे. "आता गेल्या वर्षीचं तुमचं भिंग मध्ये घालते."

पाटीवर कारखाना एकदम तपकिरी झाला. जुन्या चहासारखा. खिडकीतला उजेड फुटून सगळीकडे पसरला, कडा पुसट झाल्या. आणि त्या सगळ्या गढूळात मूर्तीचे डोळे तेवढे स्वच्छ पांढरे होते.

डॉक्टर एकेक पाऊल मागं सरकत गेल्या. दहावी मूर्ती, त्या वर्षीचं भिंग, पांढरे डोळे. नववी, पांढरे. आठवी, जी शाईसारखी होती, तीही पांढरी. पहिलीपर्यंत. अकराही मूर्तींचा पांढरा अगदी एकच.

"इतर लोकांचा मेंदू पिवळ्याची सवय करून घेतो," डॉक्टर म्हणाल्या. "पांढरा म्हणजे काय, हेच विसरून जातो. मी हजारो डोळे तपासलेत. यांनी सवय होऊच दिली नाही. दरवर्षी भिंग जेवढं पिवळं झालं, तेवढीच नीळ वाढलीय. कमी नाही, जास्त नाही. माझ्या यंत्राला एवढं अचूक जमायला दोन कोटींचं संशोधन लागलं. यांनी उदबत्तीच्या काडीनं केलं. अण्णा, तुम्ही कशाशी जुळवत होतात?"

अण्णा दारातून आत आले आणि पहिल्या मूर्तीसमोर उभे राहिले.

"तिच्या धोतराशी," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे माझ्याच. ती वाळत घालायची ते. मला आठवतो तो पांढरा."

वृषालीनं डॉक्टरांच्या हातून पाटी घेतली. ती पाटीतून कारखाना बघत होती. तो गढूळ उजेड, त्या फुटलेल्या कडा. यातून हा माणूस रोज दोन केसांचा कुंचला घेऊन पापणी ओढत होता. तिनं पाटी मूर्तीच्या पापणीजवळ नेली. इतक्या धुक्यात ती रेघ तिला दिसतसुद्धा नव्हती. पाटी बाजूला केली. रेघ जागच्या जागी होती, एका दमात ओढलेली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही चुकला नव्हतात. एकदाही नाही."

"ते मला माहीत होतं," अण्णा म्हणाले. पण नाक ओढून म्हणाले, त्यामुळं कुणाला राग आला नाही.

त्यांनी टेबलावरचा फडका कमरेला बांधला. पडद्यामागं गेले. काडी वाटीवर आपटल्याचा आवाज आला. मग थांबला. मग पडदा सरकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो पडदा बाजूला झाला आणि अण्णांनी वाटी पुढं केली.

"बघ गं. निळा वाटतो?"

वृषालीनं वाटी खिडकीपाशी नेली. तिला भीती वाटली. या घरात हे काम पूर्वी कोण करायचं, ते तिला ठाऊक होतं. तिनं परत आणून दिली. "किंचित. अर्धी काडी जास्त झालीय."

यशवंतानं डोळे मिटले आणि कुंचला उडायची वाट बघितली. अण्णांनी पांढरा ओतला. कालवला. वाटी परत पुढं केली.

"बास," वृषाली म्हणाली.

*

पंधरा दिवसांनी लोणकरशेठ पुण्याहून मूर्ती बघायला आले. अडुसष्ट वर्षांचे, सोनेरी काडीचा चष्मा, आपल्या नजरेचा अण्णांपेक्षा जास्त अभिमान असलेले. वृषालीनं मन घट्ट केलं होतं. ऑर्डर गेली तर गेली. तिनं सरळ सांगून टाकलं, "शेठ, यंदापासून नीलदृष्टी बंद. डोळे पांढरे राहतील."

"नीलदृष्टी हे नाव आहे हो," लोणकर म्हणाले. "आमच्या नीलकंठ सोसायटीत कुणाचा गळा निळा आहे? डोळे पांढरेच असतात तुमचे. म्हणून तर घेतो. सगळ्या पेणमध्ये शुभ्र डोळे तेवढे ठोंबऱ्यांचे. बाकीच्यांचे बघवत नाहीत, कावीळ झाल्यासारखे."

वृषालीनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी नवी मूर्ती पुढं ठेवली. ताजी आखणी, नवा पांढरा.

लोणकरांनी मूर्ती उचलली. चष्मा वर केला, खाली केला. त्यांचा चेहरा पडला.

"अण्णा, हे काय? हे पिवळट झालेत. तुमचा हात गेला की काय?"

यशवंतानं जे हसायला सुरुवात केली, ते त्याचं चाळीस वर्षांचं साठलेलं होतं. तो साच्यावर पडला, साचा मातीत पडला. वृषालीनं पदर तोंडाला लावला.

"हसताय काय?" लोणकर तापले. "तीस वर्षं मूर्ती पारखतोय मी!"

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी तो जुना ताठा आला होता. "लोणकर, तुमची नजर मी ओळखतो. माझीच होती ती, परवापरवापर्यंत. रस्त्यापलीकडं पांढरी गाडी उभी आहे, त्यात रोह्याच्या बाई बसल्यात. जाऊन या. आणि हो, विडी ओढत असाल तर त्यांच्यापुढं जायच्या आधी सोडा."

"मला काही झालेलं नाही."

"मांडवात कूलर आहे का तुमच्या सोसायटीत?" अण्णांनी विचारलं.

लोणकर गेले. उजव्या डोळ्याचे सहा आठवडे झाल्यावर, चतुर्थीला आठवडा असताना, चारशे मूर्ती न्यायला ते स्वतः आले. डावा डोळा झाकून उजव्यानं एकेका मूर्तीचे डोळे बघत तासभर उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "अण्णा, माझ्या दुकानाची पाटी हिरवी आहे हो. मी तपकिरी सांगितली होती." छापलेल्या नीलदृष्टीच्या पत्रकांत वृषालीनं मूर्ती बांधायला घेतल्या, आणि निळ्या डोळ्यांची फॅशन समोरच्या कारखान्यानं उचलली. त्यांचे डोळे तर पहिल्यापासून चांगले होते.

*

पुढच्या मे महिन्यात संघाचा समारंभ पुन्हा झाला. अण्णांचे दोन्ही डोळे एव्हाना लख्ख. अंगात पांढरा सदरा, ज्याची नीळ सुनेनं बघितली होती. समोरून तेच दोन झगझगीत दिवे. पाहुणे आमदार यंदा जरा लांबच उभे राहिले होते.

अण्णा ताठ मानेनं चालत गेले. आमदारांच्या गळ्यात हार घातला, अगदी मधोमध. मग खिशातून दुसरा हार काढला.

"हा कशाला?" आमदारांनी विचारलं.

अण्णा दोन फूट बाजूला सरकले आणि त्यांनी तो कूलरला घातला.

"या वेळी ओळखून," ते म्हणाले.